प्लास्टिकवरचा साग

लाकडाचा भास पारखायचा असेल, तर समोर बसून पारखू नये. गाडीचं पुढचं डावं दार उघडावं, आत न शिरता वाकावं, डोळा डॅशबोर्डच्या पातळीला आणावा आणि पलीकडच्या काचेतून येणाऱ्या उजेडाकडे बघत नजर तिथल्या लाकडी भासाच्या पट्टीवरून सरपटत न्यावी. समोरून दिसते ती नक्षी, तिरक्या उजेडात दिसतं ते काम. कुठे पृष्ठभाग लहरला आहे, कुठे क्लिअर कोटला संत्र्याच्या सालीसारखी बारीक खरखर आली आहे, कुठे फिल्मखाली हवेचा टाचणीएवढा फुगा राहिला आहे, हे सगळं त्या एका नजरेत कळतं. मी ज्या गाडीबद्दल लिहितो आहे ती या परीक्षेत एकाही जागी डगमगत नाही.

गाडी वसईतली आहे, एमएच-४८ क्रमांकाची, नोव्हेंबर २०१८मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीतली एर्टिगा. या मॉडेलच्या वरच्या श्रेणीत मारुतीने डॅशबोर्डवर धातूची झाक असलेला सागवानी पट्टा दिला. ही गाडी त्याखालच्या श्रेणीतली, म्हणजे तिथे नुसतं प्लास्टिक. मालकांनी ती पट्टी, दारांच्या आतल्या अंगावरच्या पट्ट्या, काचांच्या स्विचभोवतीचे तुकडे आणि एसीच्या दोन चौकटी वसई पूर्वेला, वालीवच्या एका गाळ्यात, वॉटर ट्रान्सफर पद्धतीने सागवानी करून घेतल्या. गाळेवाले त्याला ‘हायड्रो’ म्हणतात. हे काम मी पुन्हा पुन्हा बघितलं आहे आणि दरवेळी एकच गोष्ट अधिक पटत गेली आहे. खरं लाकूड वापरणाऱ्याची अर्धी निवड झाडाने आधीच करून ठेवलेली असते. लाकडाचा भास घडवणाऱ्याला मात्र रंग, रेषेची दिशा, गाठीची जागा, चकाकी, कड या सगळ्याचा निर्णय स्वतः घ्यावा लागतो. त्यामुळे चांगल्या नकली सागामागे साग ओळखणारा माणूस असावाच लागतो.

नकलेकडे नाक मुरडून बघण्याची सवय आपल्याला आहे, म्हणून थोडं मागे जातो. मोटारीत लाकडाचा भास आणण्याची कला प्लास्टिकच्या आधीची आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत गाड्यांचे सांगाडे पूर्ण पोलादी झाले, डॅशबोर्डही पत्र्याचे झाले, आणि त्या थंड पत्र्यावर लाकडाच्या रेषा उमटवायची पद्धत पडली. नक्षी कोरलेल्या धातूच्या पाटीवर शाई भरायची, रूळ फिरवून ती उचलायची आणि पत्र्यावर उतरवायची. फोर्डच्या कंट्री स्क्वायर या स्टेशन वॅगनला १९५१पर्यंत बाहेरून खरं लाकूड होतं, १९५२पासून लाकडी पॅनेलांच्या जागी डायनॉकची छापील फिल्म आली. आज आपल्याकडचे इंटीरिअरवाले लिफ्टच्या भिंतींना जी डायनॉक लावतात, ती त्याच नावाची वारसदार आहे. आपल्या घरचंच उदाहरण घ्यायचं, तर कोल्हापूरच्या मेस्त्री घराण्यातले बाबूराव पेंटर सिनेमात येण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. सपाट कापडावर खांब, कमानी, महाल उभे करणाऱ्या त्या हातांना कुणी खोटेपणाचा दोष दिला नाही. प्रेक्षकाला पडदा कापडाचा आहे हे माहीत असायचं, आणि तरी तो भान हरपून बघायचा. गाडीतल्या सागाचंही तसंच. एर्टिगात सागाची फळी बसवली आहे असं कुणालाच वाटत नाही. दाद द्यायची ती भास किती जाणतेपणाने उभा केला आहे याला.

वसईत साग कसा असतो हे सांगायची गरज नाही. तुंगारेश्वरच्या डोंगरात तो उभा आहे, वाडा-जव्हारच्या जंगलात आहे, जुन्या घरांच्या तुळयांत आणि चौकटींत आहे. पोर्तुगीज काळात इथे जहाजं बांधली जात. इथल्या जुन्या चर्चमधल्या वेदींवर लाकूड कोरून त्यावर सोनेरी मुलामा चढवलेला आढळतो. तिथे खरं लाकूड सोन्याखाली झाकलं आहे आणि इथे प्लास्टिकवर लाकूड पांघरलं आहे. तो मुलामा मात्र आपण भक्तिभावाने बघतो.

मग खरं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्राच, का नको? कारण वसईची हवा. खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवा ओली असते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ६० अंशांच्या वर सहज जातो. लाकूड रेषेच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रेषेच्या आडव्या दिशेने ओलीत फुगतं आणि कोरड्यात आकसतं. व्हिनिअरचा पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड. तो वळणदार प्लास्टिकवर चिकटवून वर लॅकरचे थर दिले, तर खालचं प्लास्टिक एका मापाने हलतं, पापुद्रा दुसऱ्या मापाने, आणि मधल्या ताणाने लॅकरला केसासारख्या भेगा पडतात. महागड्या गाड्या बनवणारे कारखाने यावर उपाय म्हणून व्हिनिअरखाली धातूचा पत्रा किंवा खास घडवलेला गाभा घालतात. गाळ्यात ते परवडणारं नाही. शाईच्या थराला मात्र फुगणं-आकसणं माहीत नाही. प्लास्टिक जिकडे जाईल तिकडे तो जातो. इथे नक्कल निवडली ती स्वस्त म्हणून तर खरीच, पण या हवेत शहाणपणाची म्हणूनही. वापरण्याआधी साहित्याचा स्वभाव ओळखणं ही रसिकतेची पहिली खूण इथे दिसते.

आता रंगाकडे येऊ. हा भाग मला सगळ्यांत आवडतो, कारण तो दिसतच नाही. वॉटर ट्रान्सफरची फिल्म म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पापुद्र्यावर छापलेली शाई. लाकडाच्या फिल्मवर बहुधा फक्त गडद रेषा असतात, म्हणजे तपकिरी शिरा, छिद्रांचे बारीक ठिपके आणि गाठींच्या सावल्या. मधली जागा अर्धपारदर्शक. म्हणजे लाकडाचा अर्धा रंग फिल्ममध्ये नसतोच, तो आधी मारलेल्या बेस रंगातून वर येतो. एकच फिल्म पिवळसर मातकट बेसवर उतरवली तर साग होतो, तांबूस बेसवर महोगनी होते, करडसर फिकट बेसवर ओक वाटतो. दुकानदार फिल्मचा कॅटलॉग दाखवतात, पण झाडाची जात ठरते ती बेसच्या डब्यात.

या गाडीतला बेस बघा. साग म्हटलं की अनेक जण केशरी रंग मारतात, सनमायक्याच्या जाहिरातीतल्या चकचकीत सागासारखा. खऱ्या सागाची नार ताजी कापली की हिरवट तपकिरी दिसते आणि उजेड-हवा लागली की आठवड्यांत मधाळ सोनेरी होते. या कारागिराने ती स्थिरावलेली छटा पकडली आहे. पिवळ्यात किंचित तपकिरी, त्यात डोळ्याला न जाणवेल इतका हिरवा, म्हणजे केशरी रंगाचा चढेलपणा मोडतो. आणि त्यात अगदी थोडा सोनेरी पर्ल, म्हणजे मोत्यासारखी झाक देणारी पूड. तो समोरून दिसत नाही, तिरक्या उजेडात मात्र रेषांच्या खालून हलका प्रकाश सरकल्यासारखा वाटतो.

या पर्लचं मोल कळायला खऱ्या लाकडाची एक खोड माहीत हवी. रंधलेली फळी हातात धरून फिरवली, की तिच्यावरचा उजेड जागा बदलतो. मघाशी गडद दिसलेला पट्टा उजळतो आणि उजळ असलेला मिटतो. तंतू एका सरळ दिशेत नसतात, थोडे वर-खाली लहरतात, आणि प्रत्येक लहर उजेड वेगळ्या कोनात परतवते. छापील शाईत हे येत नाही. शाई कुठूनही बघा, तीच दिसते. म्हणून बहुतेक नकली लाकडं मेल्यासारखी वाटतात, आणि बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही. मारुतीने वरच्या श्रेणीतल्या सागाला धातूची झाक दिली त्यामागेही मला हाच विचार दिसतो: हलणारा उजेड कुठून तरी आणायचाच. कारखान्यात तो जरा जास्त झाला आहे, साग चांदीकडे झुकतो. वालीवच्या गाळ्यात तो चिमटीने घातला आहे. पण वर गडद रेषा, खाली उजळ बेस आणि त्या बेसमध्येच सोनेरी हालचाल असं सगळं जुळून आलं, की कागदाइतक्याही जाड नसलेल्या रंगात खोली उतरते. या खोलीवर नजर टेकते आणि तिथून हलायचं नाव घेत नाही.

बेसच्याही आधी एक रटाळ पण निर्णायक काम असतं, ते पटकन सांगतो. डॅशबोर्डवर वर्षानुवर्षं मारलेल्या पॉलिशमधलं सिलिकॉन पूर्ण गेलं नाही तर रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. दाराच्या काही तुकड्यांत पॉलिप्रॉपिलीन असतं, त्याच्यावर प्लास्टिक प्रायमरशिवाय रंग धरत नाही. कारखान्याने प्लास्टिकला दिलेली कातडीसारखी खरखर पुट्टी आणि पाणी-पेपरने सपाट करावी लागते, नाहीतर सागाखालून चामडं डोकावतं. या गाडीत कुठे काही डोकावत नाही.

पुढे पाण्याचं काम. टाकीतलं पाणी ३० अंशांच्या आसपास कोमट. थंड पाण्यात फिल्म ताठ राहते, गरम पाण्यात लवकर विरघळून पसरते. फिल्म शाईची बाजू वर ठेवून पाण्यावर सोडतात, ती मिनिटभर पाणी पिते, आधी सुरकुतते आणि मग सपाट होते. मग वरून अ‍ॅक्टिव्हेटरचा फवारा. हा द्रावक शाईला पुन्हा द्रवरूप करतो, आणि त्या क्षणी पृष्ठभाग तेलासारखा चमकू लागतो. आता पाण्यावर पापुद्रा उरलेला नाही, नुसती नक्षी तरंगते आहे. ती पसरून विस्कटायच्या आत तुकडा तिच्यातून खाली जायला हवा. कोन ३० ते ४५ अंश, म्हणजे खाली हवा अडकत नाही. गती संथ आणि एकसारखी. हात थांबला तर तिथे रेष उमटते, हात घाईत गेला तर नक्षी ताणली जाते. तुकडा बुडाला की पाण्यावरची उरलेली शाई बाजूला सारायची आणि मगच बाहेर काढायचा, नाहीतर वर येताना दुसरी नक्षी पहिल्यावर चढते. पूर्ण बुडवणी काही सेकंदांची असते आणि तिच्यात दुरुस्ती नसते. बिघडलं तर घासून पुन्हा बेसपासून.

ही कसरत गाळ्यात शिकलेले अनेक जण करतात. या कारागिराचं वेगळेपण तुकडा पाण्याला कुठून टेकवायचा या निवडीत आहे. डॅशबोर्डची लांब पट्टी घ्या. ती डावीकडे रुंद, मध्ये जरा निमुळती आणि कडेला थोडी खाली वळलेली आहे. सवयीने कुणीही तिचं एक टोक आधी बुडवेल. पण त्याने पट्टीची लांब खालची कड आधी पाण्याला लावली आहे, म्हणजे नक्षीला जो काही ताण बसेल तो रेषांच्या आडवा बसेल, लांबीत नाही. परिणाम असा की डावीकडून उजवीकडे जाणारी एकही रेष मध्ये जाड-बारीक होत नाही, फक्त दोन रेषांमधलं अंतर वरच्या कडेला किंचित वाढतं. आणि झाडातही तसंच घडतं. खोडाच्या एका अंगाला वर्षाची वाढ जास्त, दुसऱ्या अंगाला कमी, म्हणून फळीत वलयांमधलं अंतर एका बाजूला सैल होत जातं. पाण्याने घातलेला ताण त्याने झाडाच्या हिशेबात जमा केला. असा योगायोग होत नसतो, असा तो जमवावा लागतो.

रेषांची दिशा हा या कामातला सगळ्यांत बारीक मुद्दा. खोड जाड बुंध्यापासून शेंड्याकडे निमुळतं होत जातं, म्हणून त्याच्या आतली वार्षिक वलयं एकात एक बसवलेल्या उंच शंकूंसारखी असतात. फळी वलयांना स्पर्शून सरळ कापली, की त्या शंकूंच्या कमानी तयार होतात आणि कमानींची टोकं नेहमी शेंड्याकडे असतात. चांगला सुतार कपाटाच्या दाराला कमानी वर करून लावतो, कारण झाड तसंच उभं होतं. फळी वलयांना आडवी, खोडाच्या मध्यातून कापली, की कमानी जातात आणि सरळ समांतर रेषा उरतात. कापण्याच्या या दोन तऱ्हा ज्याला ठाऊक नसतात, तो फिल्मचा जो भाग हाताला येईल तो लावतो, आणि मग उजव्या दारातला साग पुढे वाढतो, डाव्या दारातला मागे.

रोल्स-रॉइससारख्या गाड्यांत याचं उत्तर व्हिनिअरच्या जोडपानात आहे. एकाच ओंडक्यातून लागोपाठ काढलेले दोन पापुद्रे घ्यायचे, एक उलटवायचा, आणि डॅशबोर्डच्या मध्यरेषेला दोन्ही टेकवायचे. डावीकडची प्रत्येक गाठ उजवीकडे आरशात दिसावी तशी उमटते. हायड्रोत हे करता येत नाही. शाई नेहमी वरच राहायला हवी, म्हणून फिल्म उलटवता येत नाही. फार तर १८० अंशांत फिरवता येते, आणि फिरवणं म्हणजे आरसा नव्हे. मध्यरेषेला जोडपानाचा आव आणायला गेलं तर चूक उघडी पडते.

या कारागिराने आव आणलाच नाही. लांब पट्टीला त्याने फिल्मचा सरळ रेषांचा भाग दिला. सरळ रेषेला डावं-उजवं नसतं, मध्यरेषा असली काय आणि नसली काय. कमानी त्याने राखून ठेवल्या त्या पुढच्या दोन दारांसाठी, जिथे दोन तुकडे कधी एकमेकांना टेकत नाहीत. उजव्या दारासाठी फिल्म एका दिशेने, डाव्यासाठी १८० अंशांत फिरवून. आत बसलेल्या माणसाला उजव्या दाराकडे बघताना गाडीचं नाक डाव्या हाताला असतं, डाव्या दाराकडे बघताना उजव्या हाताला, म्हणून फिरवलेल्या फिल्मने दोन्हीकडच्या कमानी गाडीच्या नाकाकडेच टोक करतात. ड्रायव्हरच्या जागी बसलं की दोन्ही बाजूंचा साग तुमच्या बरोबर पुढे निघाल्यासारखा वाटतो. हे कुणी न सांगता लक्षात येणार नाही, पण लक्षात न येताही गाडीत शिरल्यावर जे स्वस्थ वाटतं, त्यात याचा वाटा मोठा आहे. साधनाची मर्यादा ओळखून तिच्यातूनच रचना काढणं, ही गोष्ट मी मोठमोठ्या कलावंतांच्या कामात शोधत आलो आहे. ती इथे काचेच्या बटणांशेजारी आहे.

पुनरावृत्तीचंही तसंच. फिल्म छापतात ती नक्षी कोरलेल्या रुळाने, आणि रुळाची एक फेरी पुरी झाली की नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून ठराविक अंतरावर तीच गाठ, तोच ठिपका, तीच वळणारी शीर पुन्हा येते. जंगलात दोन गाठी सारख्या नसतात. गाडीत चार दारांवर एकच गाठ चार वेळा दिसली, की भास तिथेच संपतो. कारखान्यातून आलेल्या गाड्यांतही ही चूक सापडते, सुट्या तुकड्यांचे साचे आणि फिल्मचं माप एकदा ठरलं की प्रत्येक गाडीत तीच गाठ त्याच जागी. या एर्टिगात मी गाठी शोधल्या. पुढच्या डाव्या दारावर एक आहे, सुपारीएवढी, कडेपासून दूर, हात जिथे टेकतो त्याच्या जरा वर. मागच्या उजव्या दारावर तिचीच अर्धी सावली आहे, पट्टीच्या टोकाला कापली गेलेली, म्हणून ती वेगळीच गाठ वाटते. बाकी कुठेही नाही. रोल उलगडून, कुठे काय येतं ते बघून, त्याने भाग निवडले आणि उरलेले वाया जाऊ दिले. फिल्म चौरस मीटरच्या भावाने येते, त्यामुळे या वाया घालवण्याला पैसे पडतात. एकच पूर्ण गाठ ठेवण्याचा हा संयम मला फार श्रीमंत वाटला.

एसीच्या चौकटी ही या पद्धतीची कसोटी. मध्ये भोक असलेला तुकडा बुडवला की पाणी भोकातून उसळून वर येतं आणि कडेची नक्षी फाडतं. त्यावर उपाय मागून टेप लावून भोक बंद करण्याचा. आतल्या खोल कडांत शाई पोचता पोचता ताणली जाते आणि फिकटते. इथे चौकटीच्या आतल्या उतारावर रेषा खरोखरच विरळ आहेत, आणि त्याने ते लपवलेलं नाही. एसीच्या जाळ्या काळ्या, तो उतार सावलीत, त्यामुळे फिकेपणा चौकटीची गोलाई वाढवतो. जिथे रेष अगदीच तुटली होती तिथे बारीक ब्रशने दोन-तीन शिरा हाताने काढल्या आहेत. डाव्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात त्या सापडतात, छापील शिरेपेक्षा किंचित जिवंत, टोकाला निमुळत्या होत गेलेल्या. लाकडाच्या रेषा ब्रशने काढायची जुनी रंगाऱ्यांची विद्या तिथे अंगठ्याएवढ्या जागेत शिल्लक आहे. या चौकटी मी सगळ्यांत जास्त वेळ बघत बसलो.

चकाकीबद्दल माझं मत ठाम आहे. गाडीतलं लाकूड आरशासारखं चमकू नये. डॅशबोर्डचा चमकणारा भाग काचेत उलटा उमटतो, रात्री महामार्गावर समोरून ट्रकचे दिवे आले की डोळ्यांना त्रास होतो, आणि लकाकीखाली रेषा बुडून जातात. रेझिनच्या फुगीर थराची जी तयार डॅश किट मिळतात, त्यांची अडचण हीच. त्यांच्या गोलसर कडा आणि काचेसारखा थर सांगत राहतो की हे वरून चिकटवलं आहे. या गाडीत टू-के क्लिअरचे दोन हात आहेत, मग बारीक पाणी-पेपरने मारलेली लकाकी, आणि शेवटचा हात सॅटिनचा. सॅटिन मारणं ग्लॉसपेक्षा अवघड. ग्लॉसमध्ये धूळ बसली तर घासून, कॉम्पाउंड मारून ती काढता येते, सॅटिन घासलं की तिथे चमकतं आणि डाग पडतो. म्हणजे शेवटचा हात एकदाच, स्वच्छ. त्यात ओल्या दिवसांत थिनर भरभर उडालं की पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पांढुरकी झाक येते. सावकाश उडणारं थिनर घेऊन कोरड्या दुपारची वाट बघणं, हा त्यावरचा इलाज. इथे झाक कुठेच नाही. तळहात फिरवला तर तेलपाणी केलेल्या जुन्या दाराच्या चौकटीचा गुळगुळीतपणा जाणवतो.

एक गोष्ट मात्र बोटाला कळतेच. खऱ्या सागाची छिद्रं नखाला लागतात, इथे नख सरळ घसरतं. उठावाचा पोत असलेली व्हिनाइल फिल्म वापरली असती तर नखाला काहीतरी लागलं असतं. पण तिथे उठाव आणि छपाई एकमेकांवर बसलेले नसले, तर डोळ्याला शीर एकीकडे दिसते आणि बोटाला खाच दुसरीकडे लागते. दोन इंद्रियांनी वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकाने गप्प राहिलेलं मला जास्त प्रामाणिक वाटतं. शिवाय व्हिनाइल कितीही गरम करून ताणली, तरी एसीच्या चौकटीसारख्या आतबाहेरच्या वळणावर ती पूर्वीच्या आकाराकडे परतायला बघते आणि मे महिन्यात कोपऱ्यातून उठते. सपाट पट्टीला ती उत्तम, कड मागे दुमडून नेली तर वर्षानुवर्षं टिकते. या गाडीच्या वळणांना पाण्याचीच वाट योग्य होती.

काय केलं याइतकंच काय केलं नाही हेही बघण्यासारखं आहे. स्टीअरिंगला हात लावलेला नाही. २०१७च्या डिझायरमध्ये मारुतीने चाकाच्या खालच्या चपट्या भागावर लाकडी छटेचा तुकडा दिला होता, आणि दिसायला तो देखणाही होता. पण चाक ही हाताची जागा, तिथे घाम आहे, अंगठीचे ओरखडे आहेत, आणि मधोमध एअरबॅग आहे. गिअरची मूठ काळी ठेवली आहे, तीही त्याच कारणाने. डॅशबोर्डच्या वरच्या अंगाला, डाव्या बाजूच्या प्रवाशासमोर, एअरबॅगच्या झाकणाची रेष आहे. तिच्यावर काही चिकटवलं किंवा ती पुट्टीने बुजवली, तर एअरबॅग उघडताना तोच थर तुकडे होऊन तोंडावर येईल. सगळा डॅश लाकडी करून घेणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही. इथे साग त्या झाकणाच्या बऱ्याच खाली थांबतो. काळ्या आणि फिक्या बेज रंगाच्या मधोमध ही एकच उबदार पट्टी, दारांवर तिची पुढची ओळ, स्विचभोवती तिचे छोटे पडसाद. एवढं पुरे झालं आहे. आणखी एक तुकडाही वाढला असता तर गाडी फर्निचरचं दुकान झाली असती.

स्विचभोवतीच्या छोट्या तुकड्यांविषयी दोन वाक्यं. त्यांच्या रेषा दाराच्या पट्टीच्या रेषांना समांतर आहेत, एका अंशाचाही फरक नाही. तुकडा इतका लहान की कुणी दिशा तपासणार नाही, आणि तरी त्या सरळ आहेत.

बसवणीकडे जाऊ. पट्टी क्लिपांवर बसते. काढताना स्क्रू-ड्रायव्हर घातला की क्लिपा तुटतात आणि पुढे जन्मभर खडखड. प्लास्टिकच्या पात्याने, क्लिप क्लिप शोधत काढलेल्या पट्टीच्या कडेला कुठेही दाबाचा खळगा नाही. रंगाच्या थरांनी तुकडा किंचित जाड होतो, परत खाचेत घालताना कडेचा रंग सोलला जाण्याची भीती असते. म्हणून क्लिपांच्या खोबणीत आधीच टेप लावून तिथे रंग चढूच दिलेला नाही, आणि जिथे प्लास्टिक प्लास्टिकला घासतं तिथे मागून फेल्टची पट्टी आहे. रेल्वे फाटकाजवळच्या खडबडीत रस्त्यावर गाडी नेली तरी सागातून आवाज येत नाही. बोटाने टिचकी मारली तर मात्र पोकळ, हलका, प्लास्टिकचाच आवाज येतो, आणि तो यावाही.

मालकांच्या परवानगीने एकदा मागच्या दाराची पट्टी काढून तिची पाठ बघितली. काळ्या प्लास्टिकवर पांढऱ्या मार्करने बारीक अक्षरांत बेस रंगाचं प्रमाण लिहिलं आहे. पिवळा किती, तपकिरी किती, हिरव्याचे थेंब किती, पर्ल किती. खाली फिल्मचा क्रमांक, आणि रोलच्या कडेपासून कुठला भाग घेतला त्याचं माप, बाणासह. पुढेमागे एखादं दार ठोकरलं, पट्टी फुटली, तर नवी पट्टी याच सागातली निघावी, म्हणून ही तजवीज. मी त्या आकड्यांचा फोटो काढून घेतला, कारण हिरव्याचे थेंब माझ्या अंदाजापेक्षा कमी निघाले.